निविदेत कार्बनचा रकाना

तालुक्याच्या गावी एका सरकारी कार्यालयाला दीड टनाचे वीस एसी घ्यायचे आहेत असं समजू. भांडार शाखेतल्या लिपिकाने पोर्टलवर मागणी टाकली, देकार आले, तांत्रिक छाननीनंतर दोन कंपन्या उरल्या. पहिलीचा एसी ३६,००० रुपयांना, आणि लेबलवर वर्षाचा वीजवापर १,००० युनिट. दुसरीचा ४४,००० रुपयांना, वीजवापर ७६० युनिट. (आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत, पण बाजारातल्या फरकापासून फार लांब नाहीत.) संगणक दोन्ही दर शेजारी मांडतो, लहान दरापुढे ‘एल-वन’ लिहितो आणि ऑर्डर पहिल्या कंपनीकडे जाते. सर्वांत कमी दराच्या देकाराला सरकारी भाषेत एल-वन म्हणतात. आपली बहुतेक सरकारी खरेदी या दोन शब्दांवर उभी आहे.

आता हाच हिशेब दहा वर्षांचा करून पाहू. वीज १० रुपये युनिट धरली तर पहिला एसी दहा वर्षांत एक लाखाची वीज खाईल. किंमत धरून १,३६,००० रुपये. दुसरा ७६,००० रुपयांची. किंमत धरून १,२०,०००. आठ हजारांनी महाग दिसणारा एसी सोळा हजारांनी स्वस्त निघाला. दहा वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. म्हणून दरसाल ८ टक्के दराने या वीजबचतीचं आजचं मूल्य काढलं, तरी ते एका एसीमागे साधारण १६,१०० रुपये भरतं. जादा मोजलेल्या ८,००० रुपयांच्या दुप्पट. वीस एसींचा दहा वर्षांतला फरक ४८,००० युनिटांचा. आपल्या देशात ग्रिडची एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका कार्यालयाच्या एका खरेदीत सुमारे ३४ टनांचा फरक.

संगणकाचं यात काही चुकलं नाही. त्याला जो रकाना दिला तो त्याने वाचला. वीजवापराचा आकडा लेबलवर होता, कंपनीने तो पोर्टलवर चढवलाही होता, फक्त तुलनेच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. सरकारी खरेदी हवामानाला पोषक करायची म्हणजे आधी त्या तक्त्यात रकाना वाढवायचा, असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअर, माहितीकोश, ऑनलाइन बाजारपेठ ही साधनं त्यानंतर कामाला येतात. रकाना नसेल तर कागदावरची जुनी खरेदीच जास्त वेगाने होते, एवढंच.

सरकार किती मोठं गिऱ्हाईक आहे हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. रस्ते, पूल, शाळांच्या खोल्या, दवाखान्यातली यंत्रं, पोलिसांच्या गाड्या, पोषण आहारातली तूरडाळ, पथदिवे, टँकरचं डिझेल, हे सगळं निविदेतून येतं. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे १५ टक्के वायूंचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध सरकारी खरेदीशी आहे. भारतात ९ ऑगस्ट २०१६ रोजी ‘जेम’ हे केंद्राचं ऑनलाइन खरेदी पोर्टल सुरू झालं. पहिल्या वर्षी त्यावर ४२२ कोटींची उलाढाल झाली होती. २०२४-२५ मध्ये ती पाच लाख कोटींच्या पुढे गेली. महाराष्ट्राने २४ ऑगस्ट २०१७ च्या शासन निर्णयाने जेम स्वीकारलं, आणि त्याशिवाय राज्याच्या ई-निविदा महाटेंडर्सवर निघतात. एवढी खरेदी एका पडद्यावरून होते, तेव्हा त्या पडद्यावर एक रकाना वाढवण्याचं वजन काय असेल याचा अंदाज करता येतो.

मग रकाना आतापर्यंत का नाही? एल-वनला नावं ठेवणं सोपं आहे, पण ती पद्धत उगाच आलेली नाही. अधिकाऱ्याच्या हातात ‘मला हा माल चांगला वाटला’ एवढंच कारण दिलं, की वशिल्याला दार उघडतं. सर्वांत कमी दर हा आकडा कुणालाही तपासता येतो, त्यात वाद नाही. म्हणून प्रामाणिक अधिकारीसुद्धा त्यालाच धरून राहतो. उद्या लेखापरीक्षक आला आणि ‘८,००० रुपये जादा का दिले?’ असा आक्षेप काढला, तर उत्तर द्यायला फायलीत काहीतरी असावं लागतं. त्यात एसीची खरेदी एका लेखाशीर्षातून होते आणि वीजबिल दुसऱ्या लेखाशीर्षातून भरलं जातं. वाचलेली वीज दुसऱ्याच्या खात्यात जमा होते, जादा खर्चाचा जाब मात्र खरेदी करणाऱ्याला विचारतात. अशा वेळी त्याने पर्यावरणाचं भान ठेवावं अशी नुसती अपेक्षा करणं मला त्याच्यावर अन्याय वाटतं. त्याला सूत्र द्या, सूत्र निविदेतच छापा, म्हणजे महाग वाटणारा पण खरा स्वस्त माल घेणं हाच नियम होईल आणि आक्षेपाला जागा राहणार नाही.

या दिशेने आपल्याकडे काहीच झालेलं नाही असं नाही. २०१३ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काढलेला एक आदेश मला फार शहाणपणाचा वाटतो. विजेवर चालणारी काही उपकरणं घेताना किमान किती तारे हवेत ते त्यात ठरवलं होतं. पुढे २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही ही अट आली. स्प्लिट एसीबद्दल आदेश म्हणतो, वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त वापर अपेक्षित असेल तर पाच तारे घ्या; सभागृहासारख्या कमी वापराच्या जागी तीन तारे चालतील.

हा भेद का केला ते आपल्याच उदाहरणावर तपासता येतं. लेबलवरचा वीजवापर वर्षाला १,६०० तास धरून काढलेला असतो. तोच एसी वर्षाला ४०० तास, म्हणजे त्याच्या पाव वेळ, चालणाऱ्या सभागृहात लावला, तर दोन एसींमधला फरक २४० युनिटांवरून ६० युनिटांवर येतो. वर्षाला ६०० रुपये, दहा वर्षांत ६,०००. जादा किंमत ८,०००. इथे स्वस्त एसीच स्वस्त ठरतो. वस्तू तीच, किंमत तीच, फक्त ‘वर्षाला किती तास?’ या एका प्रश्नाने निकाल फिरला. डिजिटल साधनाचं मोल मला इथे दिसतं. मागणी टाकतानाच पडद्याने तास विचारावेत, विजेचा दर आणि उपकरणाचं आयुष्य स्वतः भरावं, आणि आयुष्यभराचा खर्च काढून त्यावर क्रम लावावा. लिपिकाला गणित करावं लागू नये, अभियंत्याची वाट पाहावी लागू नये. कागदावर हे प्रत्येक खरेदीसाठी करणं कुणालाही जमलं नसतं.

वीज हा एकच रकाना पुरतो असंही नाही. एसीत भरलेल्या वायूचं उदाहरण घ्या. आर-४१०ए हा वायू एक किलो गळाला, तर तो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो. आर-३२ साठी हाच आकडा पाऊण टनापेक्षा कमी आहे, आणि आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेनसाठी अवघा काही किलो. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर वायू असतो. तेव्हा कोणता वायू आहे हे निविदेत विचारलं पाहिजे, आणि एसी मोडीत निघेल तेव्हा तो वायू काढून कोण नेणार हेही.

आता आकडा खरा कशावरून, हा प्रश्न येतो. विक्रेत्याने पोर्टलवर ‘पाच तारे’ अशी खूण केली म्हणजे झालं, अशी पद्धत ठेवली तर रकाना असून नसल्यासारखा. शिवाय तारे शिळे होतात. ऊर्जा दक्षता ब्युरो दर काही वर्षांनी निकष कडक करतो. १ जुलै २०२२ ला एसीचे निकष बदलले तेव्हा कालपर्यंतचा पाच ताऱ्यांचा एसी चार ताऱ्यांचा झाला. गोदामात पडलेला जुना माल जुन्या लेबलावर विकला जाऊ नये, यासाठी पोर्टलने मॉडेल क्रमांक घेऊन ब्युरोच्या नोंदीतून आकडा स्वतः उचलायला हवा. विक्रेत्याने आकडा टाइप करायचाच नाही. गावातल्या दुकानातसुद्धा आपण वजन दुकानदाराच्या तोंडून ऐकत नाही, काटा बघतो.

एसी, पंखे, दिवे हा सोपा भाग झाला, कारण त्यांना लेबल आहे. सरकारी खरेदीतला कार्बन मोठ्या प्रमाणावर बसलाय तो बांधकामात, आणि सिमेंटच्या पोत्यावर तारे नसतात. तिथे काय करायचं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत पटणारं उत्तर नेदरलँड्सने दिलं आहे.

रस्ते आणि कालवे सांभाळणारी तिथली सरकारी संस्था म्हणजे रेइक्सवॉटरस्टाट. तिने ‘डुबोकाल्क’ नावाचं सॉफ्टवेअर तयार करून घेतलं. कंत्राटदार त्यात आपल्या आराखड्याचा सगळा माल भरतो: किती टन डांबर, त्यात जुन्या रस्त्याचं खरवडून काढलेलं किती, खडी कुठून आणि किती किलोमीटरवरून येणार, पोलाद किती, डंपर कशावर चालणार. सॉफ्टवेअर खाणीपासून पाडकामापर्यंतच्या सगळ्या परिणामांचा हिशेब करतं. हवामानबदल, आम्लवृष्टी, विषारीपणा असे अकरा प्रकारचे परिणाम मूळ पद्धतीत धरले होते, आणि प्रत्येकाला पैशातली किंमत लावली होती. एक किलो कार्बन डायऑक्साइडला ०.०५ युरो, म्हणजे टनाला ५० युरो. शेवटी सगळ्यांची बेरीज होऊन युरोमधला एकच आकडा हाती येतो. डच लोक त्याला एमकेआय म्हणतात. आपण पर्यावरण-किंमत म्हणू.

हा आकडा कुणी कुणाला देत नाही. तो फक्त तुलनेसाठी असतो. समजा एका कंत्राटदाराचा दर १०० लाख युरो आणि पर्यावरण-किंमत १२ लाख, दुसऱ्याचा दर १०४ लाख आणि पर्यावरण-किंमत ६ लाख. तुलनेत पहिला ११२, दुसरा ११०. काम दुसऱ्याला मिळतं आणि सरकार त्याला १०४ लाखच देतं. प्रत्यक्षात मांडणी जरा वेगळी असते: आधी कमाल पर्यावरण-किंमत ठरते आणि तिच्यापेक्षा जितकं खाली याल तितकी तुमच्या दरावर तुलनेपुरती सूट मिळते. पण गाभा हाच. कोणतं सिमेंट वापरा, कोणतं डांबर आणा हे सरकार सांगत नाही. आकडा कमी करा, कसा ते तुम्ही बघा. कंत्राटदाराकडे जे कसब असतं ते अशाने बाहेर येतं. चार किलोमीटर जवळची खाण त्याला माहीत असते, मंत्रालयातल्या माणसाला नसते.

निविदेत दिलेला आकडा पुढे करारात जातो. काम संपल्यावर खरोखर वापरलेल्या मालाचा हिशेब पुन्हा त्याच सॉफ्टवेअरमध्ये घातला जातो, आणि आकडा कबूल केल्यापेक्षा वर गेला तर दंड होतो. हा शेवटचा टप्पा नसता तर सगळा खेळ कागदी झाला असता. काम मिळवताना गोड आकडे द्यायला कुणाचं काय जातं?

याच्या जोडीला तिथे ‘सीओटू कामगिरी शिडी’ आहे. ती २००९ मध्ये प्रोरेल या रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या संस्थेने सुरू केली, २०११ पासून एक स्वतंत्र प्रतिष्ठान चालवतं. डुबोकाल्क एका कामाचा कार्बन मोजतं, शिडी अख्ख्या कंपनीचा कारभार तपासते. जितकी वरची पायरी, तितकी दराच्या तुलनेत जास्त सूट. एकदा प्रमाणपत्र मिळालं की प्रत्येक निविदेला नव्याने सगळं सिद्ध करावं लागत नाही.

हे आपल्याकडे आणायचं म्हटलं, तर पहिली अडचण माहितीची. एक टन क्लिंकर (चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मुख्य घटक) भाजताना सुमारे ०.८ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्यातला बराचसा इंधनाचा नसून चुनखडीच फुटून निघालेला असतो. त्यामुळे सिमेंटमध्ये क्लिंकर जितका कमी तितका कार्बन कमी. राखमिश्रित पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश चालते. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याची मळी त्याहून जास्त चालते. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेल्या सिमेंटलाही २०२३ मध्ये मानक मिळालं. राखेची आपल्याकडे वाण नाही. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या औष्णिक केंद्रांशेजारी राहणाऱ्यांना ते सांगायला नको. पण पाटबंधाऱ्याच्या किंवा बांधकाम खात्याच्या निविदेत दोन देकारांची तुलना करताना या फरकाला आज आकड्यात किंमत मिळत नाही.

दुसरी अडचण लहान उद्योजकाची, आणि ती मला जास्त सतावते. एखाद्या मालाचा खाणीपासूनचा कार्बन मोजून, त्रयस्थाकडून तपासून घोषणापत्र काढायला तज्ज्ञ लागतात, पैसा लागतो. मोठ्या सिमेंट कंपनीला ते परवडतं. चंद्रपूरकडे राखेच्या विटा पाडणाऱ्या कारखानदाराला कसं परवडावं? त्याचा माल कदाचित सर्वांत कमी कार्बनचा असेल आणि तोच कागदाअभावी बाहेर फेकला जाईल. केंद्राच्या खात्यांना आणि उपक्रमांना खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघू उद्योगांकडून घ्यायचा आहे. हरित खरेदीने तो वाटा खाऊ नये. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय पर्यावरण माहितीकोशात यावर एक तोडगा आहे. तिथे कंपनीचा स्वतःचा तपासलेला आकडा असतो, उद्योगाचा सामाईक आकडा असतो, आणि दोन्ही नसतील तर कोशातला सर्वसाधारण आकडा ३० टक्के वाढवून वापरता येतो. ज्याने मोजलं नाही तो बाद होत नाही, फक्त थोडा मागून धावतो. आणि मोजायला पैसे घालणं केव्हा फायद्याचं हे तो स्वतः ठरवू शकतो. आपल्या राज्याने राखेच्या विटा, कृत्रिम वाळू, फेरवापराची खडी यांसाठी असे सामाईक आकडे स्वतःच्या खर्चाने काढून द्यावेत. खर्च एकदाच होईल, उपयोग प्रत्येक निविदेत होईल.

ते आकडे ठेवायची जागाही आपल्याकडे तयार आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करतो तेव्हा बाबनिहाय दर तिथून उचलतो: अमुक प्रतीचं काँक्रीट, घनमीटरला इतके रुपये. त्या दराशेजारी ‘घनमीटरला इतके किलो कार्बन’ असा एक रकाना जोडला, तर अंदाजपत्रकाच्या शेवटी रुपयांच्या बेरजेसोबत किलोंची बेरीज आपोआप येईल. निविदा निघण्याच्या कितीतरी आधी, पुलाचा आराखडा ठरतानाच कार्बनही ठरलेला असतो. नंतर कंत्राटदाराच्या हातात थोडंच उरतं. म्हणून माझी सगळी भिस्त निविदेपेक्षाही या अंदाजपत्रकावर आहे. आणि काम झाल्यावर पडताळायला मोजमाप पुस्तिका आहेच. काँक्रीटचा प्रत्येक घनमीटर तिच्यात चढतो, काट्याच्या पावत्या बिलाला जोडल्या जातात. सांगाडा शंभर वर्षांचा जुना आहे, त्यात एक आकडा वाढवायचा आहे.

रकाना वाढवण्याऐवजी कधी कधी प्रश्नच बदलावा लागतो. विजेवरची बस डिझेल बसच्या जवळपास दुपटीहून महाग. बसची किंमत विचारली की निविदा तिथेच संपते. २०२२ मध्ये केंद्राच्या सीईएसएल या कंपनीने कोलकाता, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांची मागणी एकत्र केली, ५,४५० बस, आणि बसचा दर न विचारता किलोमीटरचा दर विचारला. बस, बॅटरी, चालक, देखभाल सगळं पुरवठादाराचं. शहराने धावलेल्या किलोमीटरचे पैसे द्यायचे. बारा मीटरच्या बससाठी सर्वांत कमी दर ४३.४९ रुपये किलोमीटर आला. एल-वन इथेही एल-वनच होता. पण ज्याला आयुष्यभर इंधन भरायचं आहे त्याच्याकडूनच दर मागितला, त्यामुळे इंधनाची बचत आपोआप दरात उतरली. मुंबईत बेस्टही भाडेतत्त्वावर विजेच्या बस चालवते, तिथेही हिशेब किलोमीटरचा. मागणी एकत्र करण्याची ताकद त्याआधी एलईडी दिव्यांनी दाखवली होती: ईईएसएल या सरकारी कंपनीने मोठ्या संख्येने खरेदी सुरू केली तेव्हा, २०१४ मध्ये, एका दिव्याचा दर ३१० रुपये होता, तो काही वर्षांतच ३८ रुपयांवर आला. मात्र किलोमीटरच्या करारात एक काळजी राहते. शहराने बिलं थकवली तर पुरवठादार बुडतो आणि बस आगारात उभ्या राहतात. म्हणून २०२४ मध्ये केंद्राला या देयकांची हमी देणारी वेगळी योजना मंजूर करावी लागली.

दर सोडून इतर गुणांना भार द्यायला नियमांचा अडसर पूर्वी खरा होता. ऑक्टोबर २०२१ पासून केंद्राच्या सूचनांनुसार ठरावीक कामांत आणि सेवांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देता येतो. त्या तीस गुणांत कार्बनचे किती, हे निविदा लिहिणाऱ्याने ठरवायचं आहे.

पुन्हा त्या वीस एसींकडे येऊ. ते भिंतीवर लागले, बिल निघालं, फाइल बंद झाली. माझ्या मते इथे फाइल बंद करू नये. त्या वीस एसींच्या वायरिंगला एक वेगळा मीटर बसवावा. वर्षाने त्यावरचे युनिट लेबलवरच्या आकड्याशी ताडून पाहावेत आणि पोर्टलवर त्याच ऑर्डरखाली नोंदवावेत. पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातला लिपिक एसीची मागणी टाकेल, तेव्हा तासांच्या रकान्यात त्याला अंदाजाचा आकडा लिहावा लागणार नाही.